जाळी बारीक केलीस का?

माझी बायको लाटा मोजते. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो आणि कोणीतरी हमखास विचारतं, "वा, मग रोज किनाऱ्यावर?" तिच्या लाटा लोखंडातल्या असतात. पूल, क्रेन, टाकी, चिमणी, कशालाही कुठेही ठोका बसला की तो ठोका त्या लोखंडाच्या अंगातून धावत सुटतो. टोकाला आपटतो, परत येतो, वाटेत एखादा जोड लागला तर थोडासा तिथूनच मागे फिरतो. वरच्या मजल्यावर कोणी नळाच्या पाइपवर बादली आपटली की खाली आपल्या न्हाणीघरात दचकायला होतं ना, तसंच. परत आलेल्या लाटेवरून आत कुठे चीर गेली आहे, कुठे काय तुटलं, हे ही बाई सांगू शकते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. सासूबाईंचं म्हणणं, तुम्ही दोघंही दिवसभर रेघोट्याच मारता, फक्त हिच्या रेघोट्यांना लोक मान देतात. त्यांचं काही चूक नाही.

या कामात एक जाळी असते. कंप्युटरला अख्खी क्रेन समजत नाही, तिचे तुकडे करून द्यावे लागतात. म्हणून क्रेनच्या चित्रावर एक जाळी टाकायची, म्हणजे तिचे हजारो चौकोन होतात. एका चौकोनाने शेजारच्याला ढकलायचं, त्याने पुढच्याला, अशी लाट पुढे सरकते. जाळी जितकी बारीक तितकं उत्तर लोखंडाच्या जवळ जातं, पण मशीन तितकंच रखडतं. मग सगळेच जे करतात ते हीसुद्धा करते: महत्त्वाच्या जागी जाळी बारीक, बाकीकडे जाड.

तिच्या ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना सगळे पंतोजी म्हणतात. त्यांचा एकच प्रश्न असतो: "जाळी बारीक केलीस का?" म्हणजे कुठलंही उत्तर ऑफिसच्या बाहेर जाण्याआधी सगळीकडची जाळी बारीक करून तेच गणित पुन्हा चालवायचं. उत्तर जागचं हललं तर ते लोखंडाचं उत्तर नव्हतं, जाळीचं होतं. पंतोजींनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की ऑफिसात चहा गाळणारा माणूससुद्धा कप पुढे करताना म्हणतो, "साहेब, जाळी बारीकच आहे." मी स्वतः ऐकलंय आणि हसलोही आहे.

माझा मेव्हणा एका यार्डात क्रेन चालवायचा. लोखंडी पत्र्यांची जाडजूड बंडलं उचलायची आणि पलीकडे रचायची. दोन उंच पाय, वर त्यांना जोडणारी आडवी तुळई, तुळईखाली इकडून तिकडे धावणारी ट्रॉली आणि कडेला लटकलेली काचेची केबिन. त्या केबिनमध्ये आमचे हे राजे बसायचे. हिच्याहून चांगला बारा-तेरा वर्षांनी लहान, सासूबाईंचं शेंडेफळ, लग्न केलेलं नाही, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आईजवळ राहतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सासूबाईंच्या घराचं घटनापत्रच आहे. पण पोरगा वाईट नव्हता. कामात तरबेज होता आणि त्याचा त्याला गर्व होता, इतकंच.

त्याला काम शिकवलं ते यार्डातल्या मुकादमाने. खाली उभं राहून हाताच्या खुणा करायचा आणि त्या खुणांवर हा वरून ओझं फिरवायचा. दोघांचं असं जमायचं की बघत राहावं. फक्त एका गोष्टीवरून मुकादम त्याला खालून शिव्या हासडायचा. ऑपरेटर लोकांची एक मिजास असते, ते तिला 'झेल घेणं' म्हणतात. ओझं सावकाश उतरवायचं सोडून सरळ सोडून द्यायचं, आणि जमिनीच्या जरा वर ब्रेक मारून झेलायचं. वेळ वाचतो आणि रुबाब दिसतो. सगळेच ऑपरेटर झेल घेतात, माझा मेव्हणाही घ्यायचा.

एका सकाळी असंच बंडल उतरत असताना तुळई आणि पाय यांच्यामधला जोड सुटला. तुळई एका बाजूला खचली, ओझं निसटलं आणि खाली मुकादम होता. त्याच्याबद्दल आणखी काही सांगत नाही. मेव्हण्याला खरचटलंसुद्धा नाही.

मग सुरू झालं, कोणामुळे झालं. कंपनी म्हणाली, ऑपरेटरने झेल घेतला, ब्रेकचा हिसका बसला आणि जोड तुटला. मेव्हणा म्हणाला, "झेल घ्यायला अजून वेळ होता. ओझं वरच होतं. आधी जोडाजवळ कट् असा आवाज आला, तो ऐकून मी ब्रेक मारला." तो आवाज दुसऱ्या कोणी ऐकलेला नव्हता. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. जोडाचे बोल्ट तपासून आवळायचं काम मुकादमाच्या टोळीचं. जोड आपणहून सुटला असेल तर चूक मुकादमाची, हिसक्याने सुटला असेल तर चूक माझ्या मेव्हण्याची. दोघांपैकी एकाच्या माथ्यावर एका माणसाच्या मरणाचं खापर फुटणार होतं. त्यातला एक स्वतःच मेलेला, दुसऱ्याला तुरुंग.

क्रेन जुनी होती, म्हणून हिच्या ऑफिसने तिच्या अंगावर कंपन टिपणारी यंत्रं चिकटवली होती. त्यातली बरीचशी केव्हाच बंद पडलेली. अपघाताच्या वेळी चालू होतं ते फक्त एक, सुटलेल्या जोडापासून लांबच्या पायावरचं. त्याने टिपलं ते एवढंच: एक मोठा ठोका, त्याच्यामागून लगेच एक छोटा उंचवटा, म्हणजे वाटेत कुठेतरी आपटून परतलेली लाट, आणि मग सगळा धिंगाणा. ठोका आणि उंचवटा यांच्यामध्ये पापणीही लवत नाही इतकाच वेळ. पहिला ठोका जोडापासून निघाला की ट्रॉलीपासून, म्हणजे ब्रेकच्या हिसक्याने, एवढंच शोधायचं होतं. दोन्ही प्रकार कंप्युटरमध्ये घडवायचे आणि कुठल्या प्रकारात तो छोटा उंचवटा अगदी त्याच जागी येतो ते बघायचं.

हिने ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगितलं की ऑपरेटर माझा सख्खा भाऊ आहे, हे काम मला देऊ नका. साहेब म्हणाले, तुझ्याशिवाय हे येतं कोणाला? तू कर, पंतोजी तपासतील. चौकशी समितीलाही विचारलं, समितीला घाई होती. घरी मी म्हणालो, "जमेल का तुला? उद्या उलटं निघालं तर?"

"लाटेला नातं कळत नाही," ती म्हणाली.

मला हे वाक्य आवडलं होतं. शाळेत दोन-तीन जणांना ऐकवलंही होतं.

त्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मेव्हणा संध्याकाळी वर येऊन बसायचा, टीव्ही बघतोय असं दाखवायचा आणि ही ऑफिसातून आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. विचारायचा नाही. तिने चपला काढल्या, पाणी प्यायलं, पर्स टेबलावर ठेवली की हा उठून खाली जायचा. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, "झालं का गं तुझं गणित?" जणू गणित म्हणजे कुकर आहे आणि शिट्टी झाली की झाकण काढायचं.

मग एक दिवस तिने मला लॅपटॉपवर दोन रेषा दाखवल्या. तांबडी यंत्राने टिपलेली, निळी कंप्युटरने काढलेली. पहिला ठोका जोडापासून निघाला असं धरून चालवलं होतं. निळी रेष तांबडीच्या मागोमाग वर गेली, खाली आली आणि त्या छोट्या उंचवट्यावरसुद्धा अचूक चढली. "आणि ब्रेकपासून निघाला असं धरलं तर?" मी विचारलं. तिने दुसरं चित्र उघडलं. तिथे निळी रेष उंचवट्याच्या जागी सपाट निघून गेली होती. माझा सगळा जन्म पोरांच्या रेषा जुळतात का बघण्यात गेलाय. मी म्हणालो, "जुळलं गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

पंतोजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. सगळीकडे बारीक जाळी टाकून चालवायचं तर मशीनला कित्येक दिवस लागणार होते. समितीला तोवर काहीतरी हवं होतं. हिने 'प्राथमिक मत' असं लिहून दिलं. ते 'प्राथमिक' पहिल्या तोंडातून दुसऱ्या तोंडात जाईपर्यंत टिकलं, तिसऱ्या तोंडात गळून पडलं. कंपनीलाही बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मेलेला माणूस ना वकील करतो, ना युनियनकडे जातो. मुकादमाच्या टोळीतल्या चौघांना घरी बसवलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला चहा देऊ का?"

मेव्हण्याच्या मनात आलं की मुकादमाच्या बायकोला भेटून यावं. "त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, एवढंच सांगायचंय, ताई," तो म्हणाला. हिला जायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण त्याला एकट्याला पाठवणं बरं दिसेना, म्हणून तिघं गेलो.

दोन खोल्यांचं घर होतं, जिन्याला लागून. मुकादमाच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, एक कमी पडली म्हणून मी दाराशी उभा राहिलो. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती की नुसती बसली होती, कळलं नाही, पडद्याखालून पाय तेवढे दिसत होते. मग वहिनींनी हिला सरळ विचारलं, "ते बोल्टचं... नक्की आहे का?"

"नक्की," ही म्हणाली.

"नाही, म्हणजे तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतं. मला आपलं वाटलं. घरातला नळसुद्धा ते दोनदा आवळायचे. मला म्हणायचे, तू बंद केलास ना, आता मी करतो. पण माणूस आहे. एखाद वेळी राहिलं असेल."

आणि मग त्यांनी मेव्हण्यापुढे हात जोडले. "भाऊ, त्यांच्याकडून चूक झाली. तुमच्यावर नसता आळ आला. त्यांच्या वतीने मी माफी मागते."

मेव्हणा गडबडला. "नाही हो वहिनी, मी केव्हाच माफ केलंय," असं बोलून बसला. चांगल्या मनाने बोलला. पण मला दाराशी उभं राहून असं झालं की याच्या तोंडावर हात ठेवावा. नंतर कळलं, वहिनी टोळीतल्या चौघांच्याही घरी जाऊन आल्या. नवऱ्यामुळे तुमच्या पोटावर पाय आला म्हणून चारही दारांत हात जोडून आल्या.

पंतोजी डोळ्यावर काळा चष्मा लावून कामावर हजर झाले. त्यांना म्हणे अजून नीट दिसत नव्हतं, समोरच्याचं नाक कुठे आहे एवढं कळायचं. हिने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाळी बारीक केलीस का?"

"अजून नाही," ही म्हणाली.

"मग कर," ते म्हणाले आणि आपल्या जागी जाऊन बसले. हे तिने घरी येऊन मला सांगितलं, ताट वाढता वाढता, जणू काही विशेष नाही. पण भात माझ्या ताटात दोनदा वाढला.

मशीनने घ्यायचा तेवढा वेळ घेतला. सुट्टीचा दिवस होता, दुपार होती, मी जेवणाच्या टेबलावर पोरांच्या चित्रवह्या तपासत होतो आणि ती समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. बराच वेळ तिची बोटं हलली नाहीत, म्हणून मी मान वर केली. मग उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तांबडी रेष तशीच होती. जोड आधी सुटला असं धरून काढलेली निळी रेष पहिल्या ठोक्यापर्यंत तांबडीबरोबर गेली आणि पुढे, त्या उंचवट्याच्या जागी, सपाट झाली होती. उंचवटा नाहीसाच झाला होता.

"गेला कुठे?" मी विचारलं.

"नव्हताच," ती म्हणाली. आणि मग तिने मला समजेल असं सांगितलं. जोडाजवळ तिने जाळी बारीक घेतली होती, बाकीच्या तुळईवर जाड. बारीक जाळी संपून जाड सुरू होते तिथे लाट अडखळते. लोखंडात तिथे काहीच नसतं, पण गणितातली लाट अडखळते आणि थोडी मागे फिरते. तो उंचवटा त्या शिवणीतून आला होता. नेमका हव्या त्या जागी पडला, हा योगायोग. "दुसरं कोणाचं काम असतं तर मी पहिल्या दिवशीच ओळखलं असतं," ती म्हणाली. "मला चीर जिथे हवी होती, तिथेच मी बारीक बघत बसले."

"आणि ब्रेकचं?"

तेही तिने बारीक जाळीवर चालवलं होतं. तिने ते चित्र उघडायला जरा वेळ लावला. तुळईच्या मध्यावर दोन भाग जोडणारी एक पट्टी आहे, जाड जाळीने ती गिळून टाकली होती. बारीक जाळीत ती दिसली. ट्रॉलीपासून निघालेली लाट त्या पट्टीवर आपटून मागे फिरली आणि तिचा उंचवटा तांबड्या उंचवट्यावर असा बसला की दोन रेषा वेगळ्या काढता येईनात. आधीचं जुळणं याच्यापुढे पोरखेळ होता.

मी खुर्चीत बसलो. मला भीती वाटली, हे सांगायला लाज कसली. मेव्हण्याची वाटली, सासूबाईंची वाटली आणि सगळ्यात जास्त हिची वाटली. मी म्हणालो, "पंतोजींना तरी काय दिसणार? त्यांना तर अजून समोरच्याचं नाक दिसत नाही."

विनोद म्हणून बोललो. निदान तसं दिसावं असं बोललो. तिने माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप बंद करून म्हणाली, "मी खाली जाऊन येते. आधी त्याला सांगते, मग पंतोजींना." मीही तिच्यामागून जिना उतरलो.

मेव्हणा पलंगावर आडवा होता. सासूबाई खिडकीशी बसून भाजी निवडत होत्या. हिने उभ्या उभ्याच सांगितलं, एका दमात, रेषा, शिवण, पट्टी, सगळं. तिला आवाज चढवून बोलता येत नाही, त्यामुळे ते एखादं वेळापत्रक वाचून दाखवल्यासारखं वाटत होतं. तो उठून बसला.

"पण ताई, मला आवाज आधी आला. कट् असा. मी शपथेवर सांगतो."

"तुला तसंच आठवतंय. तू खोटं बोलत नाहीस. पण ते सगळं पापणी लवायच्या आत झालं. हातही तुझाच आणि कानही तुझेच, आधी काय आणि नंतर काय हे माणसाला तेवढ्यात कळत नाही. तो क्रम डोक्याने मागाहून लावलेला असतो."

"ओझं वर होतं गं. मी झेल घेतलाच नव्हता अजून."

तिने नाही अशी मान हलवली.

"मग मला आठवत का नाही?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "अजून बारीक करून बघ ना जाळी."

"केली."

"त्याहून बारीक."

"तीही केली रे. हलत नाही."

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "तुझे ते कागद फाडून टाक," त्या म्हणाल्या. "तो मुकादम गेला बिचारा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. त्याला आता काय व्हायचंय? याला अजून जगायचंय. तू याची बहीण आहेस की कोण?"

"बहीण होते म्हणून तर तिथेच बघत बसले, आई," ही म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिने त्याचा हात हातात घ्यायला हात पुढे केला. त्याने तो मागे घेतला, आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. कुठल्या हाताने ब्रेक मारला हे तरी आठवतंय का, असं काहीसं बघत असावा. सासूबाई रडायला लागल्या, पण आवाज न करता, आणि त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बऱ्याच वेळाने त्याने शर्ट चढवला. "वहिनींना सांगून येतो," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, उद्या जाऊ, आधी ऑफिसचं होऊ दे, वकिलाला विचारू. तो चपला घालत होता. "मी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या नवऱ्याला माफ करून आलो, भाऊजी," तो मला म्हणाला. त्याला अडवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सासूबाई दाराआड उभ्या राहिल्या. आम्ही दोघं त्याच्यामागे निघालो.

वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला साबणाचा फेस होता. त्यांनी आम्हाला आत या म्हटलं, पण मेव्हण्याने उंबऱ्याबाहेरच सांगून टाकलं. "वहिनी, बोल्ट नीट होते. मी हिसका दिला. माझ्यामुळे ते गेले."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. हिच्याकडे बघितलं.

"हे काय म्हणतायत?"

"खरं आहे," ही म्हणाली. "आधीचं माझं गणित चुकलं होतं. मुकादमांची काहीच चूक नव्हती."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी हाताचा फेस पदराला पुसला. सावकाश पुसला, एकेक बोट. "मागच्या खेपेलाही तुम्ही नक्की म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "अशाच आवाजात."

ही जाळीचं सांगायला लागली. बारीक, जाड, शिवण. दोन वाक्यं झाली आणि तिचं तिलाच ऐकवेना, ती थांबली. वहिनींनी मध्ये तोंड घातलं नव्हतं. आतल्या पडद्याखाली मुलीचे पाय येऊन उभे राहिले होते.

"तुमचं बरोबर असेल," वहिनी म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. मी पोरीला सांगितलं, तुझ्या बाबांच्या हातून चूक झाली, माणूस आहे, चुकतो. आठवडाभर ही माझ्याशी बोलली नाही. मग तिने ते पचवलं. त्या चौघांच्या घरी जाऊन मी हात जोडून आले. आता परत जाऊ? आता काय सांगू, ते चुकले नव्हते? आणि पुढच्या महिन्यात तुमची ती जाळी अजून बारीक झाली म्हणजे?"

"नाही होणार," ही म्हणाली, पण ते मलाही जेमतेम ऐकू आलं इतकं हळू.

मेव्हणा म्हणाला, "वहिनी, मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

तेव्हा कुठे त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण नव्हता. "भाऊ, तुम्ही माफ केलंत तेव्हा मला ते खरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आता हेही खरं वाटवून घ्यायची ताकद माझ्यात नाही. तुमचं तुम्ही कोर्टात सांगा. माझा नवरा कसा मेला हे मला आता कोणी सांगायला येऊ नका."

त्यांनी दार लावून घेतलं, आपटलं नाही. मेव्हणा त्या बंद दारासमोर हात जोडून उभाच राहिला, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही त्याला 'चल' म्हणायचं धाडस होईना.